बिनसांध्याचा चिमटा

बीडच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवणारे एक सर पहिल्या तासाला पुस्तक आणत नसत. पिशवीतून चिमटा काढत. भाकरी शेकायचा, एकच पट्टी मधोमध वाकवून केलेला, घरोघरी असतो तो. आमच्या नाकासमोर त्याची उघडझाप करत विचारत, "ह्याच्यात सांधे किती?" कुणी एक म्हणे, कुणी दोन. मागच्या बाकावरून हमखास कुजबुज येई, "आज काकूंनी भाकरी कशानं भाजली असंल?" सर तिकडे काणाडोळा करत. "एक बी न्हाई. अन् तरी हालतंय का न्हाई?" त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. आमच्यासाठी ते चिमटा सर.

सांध्यांवर त्यांचा भाऊबंदकीत असतो तसला राग होता. चिमट्यामागोमाग पिशवीतून खिळा ढिला झालेली सांडशी निघे. तिच्यात पाण्याचं पातेलं धरलं की ते एका अंगाला कलायचं आणि पहिल्या बाकावरच्यांना अंघोळ व्हायची. "सांधा आला की खडखड आली, तेल आलं, धूळ आली. अन् आपल्या बीडात धुळीला काय तोटा?" तोटा नव्हताच. आमच्या घरचा फवारणीचा पंपसुद्धा धूळ खाऊन कुरकुरत असे. सरांचं म्हणणं एवढंच, की जिथं थोडंच हलायचं आहे तिथं दोन तुकडे जोडू नयेत. एकच तुकडा हवा तिथं पातळ करावा आणि वाकू द्यावा. मग झिजायला काही नाही, तेलाची कटकट नाही, आणि धरलेलं डगमगत नाही.

हे वेड त्यांनी कुठेही नेलं. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याशी सोयरिकीच्या गप्पा मारायच्या सोडून ते त्याच्या खिशातल्या पेनाची क्लिप वाकवून बघत. स्टाफच्या मीटिंगमध्ये शाम्पूच्या बाटलीचं झाकण टकटक उघडत-मिटत बसत. प्राचार्य एकदा वैतागले, तर म्हणाले, "साहेब, बिजागरी हाय, पण पिन न्हाई. सारी मीटिंग हालवतोय, तुटली का?" प्राचार्यांनी मीटिंगच आटोपती घेतली.

एका पोरानं त्यांना डिवचलं होतं, "मग सर, गाडीच्या चाकाचा आस बी काढून टाकू का?" सर खुलले. "चाक वाकून वाकून गोल फिरंल का बे? जिथं सांधा लागतो तिथं लागतोच. माझं भांडण फुकटच्या सांध्याशी हाय." आंधळा भक्त नव्हता हा माणूस, म्हणून तर आम्हाला आवडायचा.

मी केलेला पहिला चिमटा त्यांनी हातात घेऊन दाबला आणि सोडला. तो मिटला तो मिटलाच. मी मऊ लोखंडाची पट्टी वापरली होती. "लई आज्ञाधारक हाय गं हा," सर म्हणाले, "वाकवला तिकडंच राह्यला. वाकणं कुणालाबी येतं पोरी, माघारी आलं पायजे." हा 'माघारी' शब्द पुढे आमच्या वर्गात फार चालला. कुणी नोकरीला पुण्याला निघालं की निरोपाच्या चहाला आम्ही एकमेकांना विचारायचो, "माघारी येतंय का बघा!" मी आले. बीडच्याच औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग करायचा छोटा कारखाना टाकला.

सर निवृत्त होऊन लिंबागणेशला घरी राहायला गेले आणि सांध्यांनी डाव साधला. संधिवात. बोटं आखडत गेली. "आयुष्यभर शिव्या दिल्या, आता वसूल करायलेत," असं म्हणून ते आधी हसायचे. मग हसणं कमी झालं. घास उचलता येईना, आणि दुसऱ्यानं भरवलेलं त्यांना सोसवेना. पंगतीत शेजाऱ्याच्या पेनाची क्लिप वाकवणारा माणूस लग्नाचं आमंत्रण आलं की तब्येतीचं निमित्त सांगू लागला. मी भेटायला गेले तेव्हा काकू दारापाशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भरवायला बसलं की दोन घासांत उठत्यात. लई वाळलेत गं माय." पोटभर जेवणारे सर मी पाहिले होते.

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. बोटांत मिटायला थोडा जोर होता. उघडायला मात्र अजिबात नव्हता. आणि चिमटा तर आपला आपण उघडतो. कारखान्यात स्टेनलेस स्प्रिंगच्या पट्टीचा एक चिमटा केला, तळहाताला अडकवायला कापडी पट्टा लावला आणि नेला. सरांनी दाबून पाहिला. ताठ होता. मग तो डोळ्यांजवळ धरून त्यांनी माझी परीक्षा घेतली. "हितं कोपरा कावून ठेवलास? तडा तिथूनच जातो. गोलाई दे. अन् वाकायच्या जागी पातळ कर." त्यांचा तो जुना, खेकसणारा आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की मी उलट बोललेच नाही.

दुसरा चिमटा बसला. काकूंनी भाकरी कुस्करून पिठलं वाढलं. सरांनी दाबलं, तुकडा धरला, तोंडापर्यंत नेला, बोटं सैल सोडली आणि चिमटा उघडला. पहिला घास सदऱ्यावर सांडला, दुसरा तोंडात गेला. "माघारी येतंय," ते भरल्या तोंडानं म्हणाले. काकू आत जाऊन नाक ओढत राहिल्या.

त्यानंतर सर पुन्हा लग्नांना जाऊ लागले, खिशात चिमटा घालून. लोक बघतात म्हटलं तर म्हणत, "बघू दे. इचारलं की तासच घेतो." आणि खरंच घेत. वरण गार होईपर्यंत.

यंदा उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. तेराव्याला त्यांच्या नावचं पान वाढलं. भाकरी, पिठलं, कडेला ठेचा, सगळं आवडीचं. काकूंनी आतून चिमटा आणला, पदरानं पुसला आणि पानाच्या उजव्या हाताला ठेवला. त्यांच्या दिरांना ते काही बरं वाटलं नाही. "वहिनी, नैवेद्याच्या पानापाशी ह्ये कावून?"

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "ह्यांला भरवलेलं चालत न्हाई."