सोडली, सुटली, सोडतोय

पॉलिशवाल्याच्या दारूबद्दल तीन क्रियापदं वापरात होती. बायको म्हणायची, "ह्यांनी सोडली." कारखान्याचे मालक म्हणायचे, "सुटली बिचाऱ्याची." आणि कुणी अगदी खोदून विचारलंच, तर तो स्वतः म्हणायचा, "सोडतोय."

ऐकणाऱ्याला वाटे, माणूस व्याकरणात कच्चा आहे. ज्याने कित्येक वर्षांत थेंबाला हात लावला नाही त्याने 'सोडतोय' म्हणावं, हे पन्नाशीच्या गृहस्थाने 'शाळेत जातोय' म्हणण्यासारखं झालं. एकदा बायकोच्या भावाने कौतुकाच्या भरात चारचौघांत त्याची ओळख करून दिली, "हे आमचे भावोजी. माजी दारुडे!" त्यावर पॉलिशवाला नम्रपणे म्हणाला, "माजी नाही, आजी. सध्या रजेवर आहे." मंडळी पोट धरून हसली. बायको तेवढी हसली नाही. नवऱ्याला चार लोकांत धड मानसुद्धा घेता येत नाही, असं तिचं मत पडलं. तेव्हापासून सासरच्या लोकांत त्याचं नाव 'रजेवरचे' असं पडलं, आणि तो विनोद नव्हता हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

नशिबाने त्याला धंदाही असा दिला होता की कुणी मुद्दाम शोधून दिला असता तर त्याला दुष्टच म्हटलं असतं. तो जुन्या फर्निचरला लाखेचं पॉलिश करायचा. हे पॉलिश म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा गोळा मऊ फडक्यात बांधून त्यात बुडवायचा, आणि लाकडावर हलक्या हाताने फिरवत राहायचं. हात थांबला की डाग पडतो. स्पिरिट उडून जातं, लाख राहते, आणि आजोबांच्या टेबलात नातवाला आपलं तोंड दिसू लागतं. ह्या कामात त्याच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता. म्हणजे जे त्याला सर्वांत चांगलं जमायचं, ते त्याला ज्यापासून लांब राहायचं होतं त्याच्याच वासात बसून करावं लागे.

स्पिरिट पिण्यासाठी नसतं, त्यात विष घातलेलं असतं, असं डब्यावर लिहिलेलं असतं. पॉलिशवाल्याने ऐन भरात असताना ते स्वतः प्रयोग करून तपासलं होतं. नंतर बरेच दिवस तो इस्पितळात पडून होता. डोळे शाबूत राहिले, ह्याचं श्रेय डॉक्टरांनीही घेतलं नाही. तो परत आला तेव्हा मालकांनी दोन गोष्टी केल्या. त्याला कामावर घेतलं, आणि स्पिरिटच्या डब्यांसाठी एक लोखंडी कपाट. तेव्हापासून किल्ली मालकांच्या खिशात. रोज सकाळी मालक कपाट उघडत, दिवसभराला लागेल तेवढं स्पिरिट लाखेच्या भांड्यात ओतत आणि कपाट बंद करत. ह्यावर दोघांत कधीही एक शब्द बोलणं झालं नव्हतं. संसार टिकतात ते अशाच गोष्टींवर.

बाकी त्याचं जगणं बाहेरून अगदी नीरस दिसे. खोकल्याचं औषध घेताना तो बाटलीवरची बारीक अक्षरं परीक्षेला बसल्यासारखी वाचायचा. गुत्त्यासमोरून जाणाऱ्या बसने सरळ घरी जाता येत असताना पायी वळसा घालून जायचा, कारण विचारलं तर म्हणायचा, "पाय मोकळे होतात." आठवड्यातून एकदा त्याच्यासारख्यांची बैठक भरे, तिथल्या डुगडुगत्या खुर्च्या त्याने हळूहळू सगळ्या ठाकठीक करून दिल्या होत्या. तिथे एखादा नवा माणूस विचारायचा, "पूर्ण बरं व्हायला किती वर्षं लागतात हो?" पॉलिशवाला म्हणायचा, "कळलं की सांगतो. मीही त्याच रांगेत आहे."

आणि कधी कधी त्याला स्वप्न पडे. स्वप्नात तो प्यायलेला असे, तेही पूर्ण समाधानाने. सकाळी उठला की तो आधी तळहातावर श्वास सोडून वास घ्यायचा. काही नसे. मग दात घासायचा. बायकोला वाटायचं, ह्यांचा एखादा दात किडलाय आणि दवाखान्याला घाबरतायत.

मालकांचे गुडघे गेले तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं. मालकांनी मुलीकडे राहायला जायचं ठरवलं, आणि एका दुपारी, डबे खाऊन झाल्यावर, किल्ली टेबलावर ठेवली.

"घे."

"हे काय?"

"डोळे शाबूत आहेत ना? किल्ली आहे. कपाटाची. दाराच्या तुझ्याकडे आहेतच. आता कारखाना तू चालव. शेजारचा काचवाला मागे लागलाय, पण त्याला जागा दिली तर तो इथे ॲल्युमिनियमच्या खिडक्या करेल. मला ते मेल्यावरसुद्धा सहन होणार नाही."

पॉलिशवाल्याने हात पँटला पुसला. हात स्वच्छच होता. किल्ली त्याने उचलली नाही.

"बाकी सगळं घेतो, मालक. ही नको."

"ही नको? म्हणजे घर पाहिजे, स्वयंपाकघर नको?"

"ही तुमच्याकडेच बरी होती."

"अरे, मी चाललोय! किल्ली खिशात घालून जाऊ आणि रोज सकाळी तिथून ओतू का स्पिरिट?" मालक चिडले, मग त्यांना वाटलं, हा भारावून गेलाय. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, इतकी वर्षं बघतोय तुला. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

"तीच तर अडचण आहे," पॉलिशवाला म्हणाला.

हे मालकांच्या जिव्हारी लागलं. आयुष्यभर सांभाळलेली वस्तू कुणाला तरी बक्षीस द्यावी आणि त्याने ती नाकाखाली धरून परत करावी, तसं झालं. "महिनाअखेरपर्यंत सांग," ते म्हणाले. "किल्लीसकट कारखाना, नाहीतर काचवाला." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पॉलिशवाल्याच्या बायकोला बोलावून घेतलं. नवरा ऐकत नसला की बायकोला सांगायचं, ही त्यांची जुनी पद्धत होती; त्यांच्या स्वतःच्या घरी ती कधीच चालली नव्हती.

बायको आली ती हरखूनच. कारखाना आपला होणार, ह्या कल्पनेने तिने रस्त्यातच दारावरची पाटी कुठल्या रंगाची करायची ते ठरवलं होतं. अडचण ऐकल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, एवढीशी किल्ली! लोकांचे नवरे बँकेच्या तिजोऱ्या सांभाळतात."

"त्यांना नोटा प्याव्याशा वाटत नाहीत."

"पुरे झाले विनोद. तुम्ही सोडलीय ना?"

पॉलिशवाला बसला होता तिथून उठला. समोर एक जुनं, गोल टेबल पडलं होतं, मालकांनी तरुणपणी स्वतः पॉलिश केलेलं, आता एक पाय बदलायला परत आलेलं. वरची चकाकी अजून अशी की खिडकी त्यात उलटी दिसत होती. त्याने बोळा भांड्यातल्या स्पिरिटमध्ये बुडवला आणि टेबलाच्या कडेला टेकवला.

"अरे अरे अरे!" मालक गुडघे विसरून उठले. "वेडा झालास का? चिकट होईल ते!"

"का? तुमच्या हातचं आहे. किती वर्षांचं जुनं. कधीच वाळलंय."

"वाळलं म्हणून काय झालं? लाख आहे ती! शंभर वर्षांपूर्वी लावलेली असली तरी स्पिरिट पडलं की..."

मालक तिथेच थांबले. कडेवर बोटाएवढा ठसा पडला होता, ओला आणि धुरकट. पॉलिशवाल्याने बोळा बाजूला ठेवला.

"मी नीट करून देईन," तो म्हणाला. "ते नीट होतं."

 मग बायकोने विचारलं, अगदी हळू, "अजून वाटतं?"

"हो."

"रोज?"

"रोज नाही. पण येताना ते आधी कळवत नाही."

"मग ते सकाळी हातावर श्वास सोडून बघता, ते..."

"दात चांगले आहेत माझे."

बायको खुर्चीवर बसली. तिच्या तोंडावर जे आलं ते रागाचं नव्हतं. ज्या परीक्षेत आपण पास झालो म्हणून घरोघरी पेढे वाटून झाले, ती परीक्षा अजून चालूच आहे, असं कळल्यावर माणूस जसा दिसेल, तशी ती दिसत होती.

मालकांनी घसा साफ केला. "बरं मग. सोपं आहे. किल्ली वहिनींकडे राहील."

"नाही." बायको लगेच म्हणाली. "मी ते केलंय. गादीखाली बघ, फ्लशच्या टाकीत बघ, दारात उभं राहून तोंडाचा वास घे. मी बायको आहे ह्यांची, पहारेकरी नाही. पुन्हा ते काम मला देऊ नका. कारखाना गेला तरी चालेल."

असं म्हणून ती पिशवी उचलून निघाली. दारातून वळून नवऱ्याला म्हणाली, "येताना दूध आणा." घरी मात्र ती त्या रात्री त्याच्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलली; कशाबद्दल, ते दोघांनाच माहीत.

पॉलिशवाल्याला आता एक विचित्र माणूस हवा होता. किल्ली सांभाळेल, पण त्याच्यावर प्रेम नसेल. रोज भेटेल, पण कौतुकाने विरघळणार नाही. थोडक्यात, ज्याचा त्याच्यावर विश्वास नाही असा कुणीतरी. इतक्या वर्षांच्या चांगल्या वागणुकीने त्याने असे सगळे लोक संपवून टाकले होते. फक्त एक उरली होती.

कारखान्याला लागूनच लाँड्री होती. पूर्वी एकदा पॉलिशवाला तर्र अवस्थेत तिथे शिरला होता आणि इस्त्री करून रचलेल्या कपड्यांच्या ढिगावर, स्वतःच्या बिछान्यात असल्यासारखा, बुटांसकट झोपला होता. लाँड्रीवालीने ते सगळे कपडे पुन्हा धुतले, पुन्हा इस्त्री केले. सुधारल्यावर तो माफी मागायला गेला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं." 'असू दे' म्हणाली नाही. आजतागायत म्हणाली नव्हती.

तो गेला तेव्हा ती एका शर्टाच्या कॉलरशी झटत होती.

"बाई, एक काम होतं."

"उधारी नाही."

"नाही, किल्ली ठेवायची होती. स्पिरिटच्या कपाटाची. सकाळी तुम्ही येऊन कपाट उघडायचं, मी लागेल तेवढं घेणार, तुम्ही बंद करून किल्ली घेऊन जायचं."

इस्त्री थांबली. "मी का?"

"तुमचा माझ्यावर विश्वास आहे?"

"काडीचा नाही."

"म्हणूनच."

तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर शेजारी काचवाला येईल. दिवसभर ॲल्युमिनियम कापेल."

लाँड्रीवालीने कॉलर उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाली, "दुकान उघडल्यावरच येईन. त्याआधी दार वाजवायचं नाही. आणि ज्या दिवशी मला वास आला, त्या दिवशी किल्ली गटारात."

"चालेल."

"चालेल काय, तसंच होईल."

मालकांना ही व्यवस्था अपमानास्पद वाटली. आपल्या कारखान्याची किल्ली इस्त्रीवालीकडे! पण जाण्याआधी त्यांनी आपणहून ती तिला नेऊन दिली. जाताना त्या गोल टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ठसा गेला होता. कुठे होता, हेही शोधावं लागत होतं. "बरं जमलंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं, तर ती शाबासकी मानतात.

कारखाना चालू आहे. पाटीचा रंग बायकोने ठरवला तोच आहे. मध्यंतरी तिच्या भावाचा फोन आला, आणि त्याने नेहमीच्या उत्साहात विचारलं, "काय म्हणतायत आमचे रजेवरचे? सोडली म्हणजे सोडली ना एकदाची?" ती कणीक मळत होती. तिने फोन खांद्यात धरला, आणि जरा थांबून, थोडी वैतागूनच म्हणाली, "सोडतायत."

रोज सकाळी लाँड्रीवाली येते. कपाट उघडण्याआधी त्याच्यासमोर उभी राहते आणि म्हणते, "फुंका." तो फुंकतो. ती नाक मुरडून वास घेते, कुठलाही आनंद न दाखवता कपाट उघडते आणि म्हणते, "घ्या लवकर. माझी इस्त्री तापलीय."