आज कोणाचं घर

सौदीतल्या ताइफमध्ये मी ज्या कफीलची, म्हणजे मला व्हिसावर आणणाऱ्या मालकाची, गाडी चालवायचो, त्याला दोन बायका, दोन घरं आणि अकरा मुलं. एक दिवस या घरी, एक दिवस त्या घरी, असा त्याचा कडक नेम. तीन वर्षांनी मी गावी जायला सुट्टी मागितली, तर हसून म्हणाला, "बायकोवाचून कोणी मरत नाही."

पुढे त्याला अर्धांगवायू झाला. इस्पितळातून आणलं, तर थोरली म्हणाली, आज धाकटीचा दिवस आहे. धाकटी म्हणाली, इस्पितळात मीच बसले, आता तिचे दिवस. अकरातलं एकही पोर गाडीपाशी फिरकलं नाही. शेवटी मी त्याला माझ्या खोलीत, माझ्याच खाटेवर निजवलं. तो रडायला लागला.

त्याला चहा पाजता पाजता मी म्हणालो, "बायकोवाचून कोणी मरत नाही. तुला तर दोन आहेत."