नातवाचा रंग

बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना एक काका शेजारी बसले होते. मुलासाठी मुलगी बघायला निघालेले. नोटा मोजतात तसं बोट जिभेला लावून ते मोबाइल दाबत होते. त्यात रंग मिसळायचं ॲप होतं. वर दोन गोल, एक मुलाच्या फोटोतून उचललेला, एक मुलीच्या. खाली मिसळून होणारा तिसरा.

"हा नातू," काका म्हणाले. "उजेडावानी मिसळलं का गोरा येते. पेंटावानी मिसळलं का पुरा तवा."

"मग खरी पद्धत कोणती?"

"गोरा येते ते. दुसऱ्या पद्धतीनं आमी लेकरू होऊच देनार नाई."

अकोल्यात कुणीतरी पोहे करून, साडी नेसून बसली असेल. मी जरा चिडूनच विचारलं, "हा काळा गोल मुलीचा ना?"

"नाई जी! तो आमच्या पोराचा. पोरगी तं गोरीपान हाय."

"मग अडलंय कुठे?"

"तिचा गोरेपना पुरून नाई राहिला ना!"

काकांनी पुन्हा बोट ओलं केलं आणि मुलीचा गोल आणखी थोडा उजळ केला.