जावई खोलीत असताना

मी माझ्या बायकोच्या आईचा आवाज डिलीट केला. चुकून. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण आता पुढचं ऐका.

नाशिकमधल्या एका लहान कंपनीत मी व्हर्च्युअल मशीनचं काम करतो. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. सासूबाई नामपूरहून आल्या होत्या, तेव्हा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या लॅपटॉपवरच्या अशाच एका मशीनमध्ये त्यांचे खापरावरचे मांडे रेकॉर्ड केले. पालथ्या खापरावर भाजायच्या त्या पुरणाच्या पोळ्या कशा करायच्या, ते त्यांच्या तोंडून. तेवढ्यात मी खोलीत शिरलो. जावई दिसताच त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि गप्प झाल्या... नेहमीसारख्याच. रेकॉर्डिंग सेव्ह न करताच मी मशीन होतं तसं, मेमरीसकट गोठवून ठेवलं.

पुढे सासूबाई वारल्या. त्यांचा तेवढाच आवाज उरला होता. आणि मध्यंतरी डिस्कवर जागा करताना गोठवलेल्या मेमरीतल्या नेमक्या त्याच भागाची फाइल मी टेस्टिंगचा कचरा समजून उडवली. बॅकअप नाही. ऑफिसात बॅकअपवर व्याख्यानं मीच देतो!

"बघा ना काहीतरी," सुनंदा एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी, इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, सुनंदाला शेजारी बसवून मशीन पुन्हा सुरू केलं आणि रेकॉर्डिंग लावलं. आतल्या मशीनने मागितलेलं मेमरीचं पान जागेवर नसलं की पेज फॉल्ट होतो. मग मीच लिहिलेला प्रोग्राम ते फाइलमधून आणून देतो. फाइलच नसेल तर कोरं पान देतो, नुसती शून्यं. शून्यांचा आवाज म्हणजे शांतता. तेवढीच ऐकू आली. मी तोंड लपवायला चहा ठेवायला उठलो.

ओट्याशी पोचतोय तोच खोलीतून — "पुरन पातळ व्हयनं का मांडा फाटस, माय..."

धावत आलो. शांतता.

"आत्ता बोलत होती हो!" सुनंदाचे डोळे भरलेले.

पुन्हा लावलं. मी समोर — काही नाही. दूध उतू गेलं म्हणून पळालो — आवाज! परत आलो — गप्प.

प्रोग्रामने काय काय दिलं त्याचा लॉग पाहिला. प्रत्येक फॉल्टला कोरंच पान दिलेलं. नंतर ऑफिसातल्या सहकाऱ्यालाही दाखवला, तर म्हणाला, "सर, सुट्टी घ्या." मला अजूनही यातलं काही कळलेलं नाही.

त्या दुपारी मात्र मी पुन्हा तपासायला खुर्ची ओढली, तर सुनंदाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"अहो, गॅलरीत जाऊन बसा बरं जरा. आई तुमच्यासमोर कधी बोललीय का? पुरण सांगून झालंय तिचं, अजून मांडा खापरावर टाकायचाय."