झाडावरचा रिकामा डबा

मीटरवरचा आकडा हलायला तयार नव्हता. पंच्याऐंशी मायक्रोअँपियर. चंद्रपूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत आला होता तोच आकडा इथे, गावातल्या एका घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, गोणपाटावर बसूनही येत होता. त्यामुळेच माझं डोकं फिरत चाललं होतं. एवढ्याशा प्रवाहावर बॅटरी वर्षभर चालायला हवी. ती सव्वा महिन्यात संपली होती, आणि तीही मोहफुलं पडायला लागली तेव्हाच.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. नागभीडच्या बाजूला जंगलाला टेकलेल्या या गावासाठी आम्ही दोघा-तिघांनी एक यंत्र बनवलं होतं. प्लॅस्टिकच्या डब्यात उष्ण अंगाची हालचाल ओळखणारा सेन्सर, छोटा कॅमेरा, भोंगा आणि बॅटरी. समोर काही गरम हललं की यंत्राने झोपेतून उठायचं, फोटो काढून तपासायचा, वाघ-बिबट दिसला तर भोंगा वाजवायचा, नाहीतर गुपचूप परत झोपायचं. सोलर पॅनल लावलं होतं, ते वानरांनी पहिल्याच आठवड्यात उखडून टाकलं. गावात मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे यंत्र मला निरोपही पाठवू शकत नव्हतं. राहिली बॅटरी. गावच्या सभेत मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, वर्षभर याच्याकडे बघायचं काम नाही.

आदल्या हिवाळ्यात पलीकडच्या टोलीवरची, लहानशा वस्तीवरची, एक बाई गवत कापायला वाकली होती, ती परत आली नाही. त्यानंतरच गावाने आमच्याकडे यंत्र मागितलं होतं. आणि आता या भागात गस्त घालणाऱ्या वनरक्षकांनी रेंजमध्ये येऊन मला फोन केला, की डब्यावरचं तपासणीचं बटण दाबलं तर भोंगा मुका. त्यांनी जवळची दुसरी बॅटरी घालून यंत्र चालू केलं होतं. पण तीही अशीच संपली, तर कधी संपेल हे कुणाला कळणार?

दोन दिवसांनी पहाट फुटता फुटता मी त्यांच्या मोटरसायकलवरून डबा लावलेल्या झाडापाशी उतरले. डब्याच्या लोखंडी पट्टीचे बोल्ट गंजून बसले होते. म्हणून डबा झाडावरच राहू दिला, आतलं सर्किट, सेन्सर, कॅमेरा आणि बॅटरी काढून घेतली आणि झाकण पुन्हा लावून टाकलं.

"मॅडम, गावात सांगून ठेवजा, डबा बंद आहे म्हणून," वनरक्षक म्हणाले.

"अर्ध्या तासाचं काम आहे, भाऊ. लोक उठायच्या आत परत लावते."

मला कुणी काही सुचवलेलं खपत नाही, हा माझा जुना रोग आहे. ते पुढच्या गस्तीला गेले. मोहाच्या दिवसांत या गावात त्या वेळेला झोपलेलं कोण असतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

गावाच्या कडेच्या ज्या घरात मी बसले होते, ते एका बाईंचं होतं. यंत्र बसवताना आम्ही त्यांच्याकडेच जेवायचो. पन्नाशीच्या, काटक, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी चहा आणून ठेवला, माझ्या मीटरकडे क्षणभर पाहिलं.

"काय मोजून राह्यल्या जी?"

"करंट."

त्यांनी चहा माझ्या हाताजवळ सरकवला. मग म्हणाल्या, "येतो मी, मॅडम."

मी मान वर न करता म्हटलं, "हो, हो."

हा "हो, हो" मला आजही ऐकू येतो.

अडचण अशी होती. प्रवाह मोजायचा तर मीटर वाटेत घालावा लागतो, बॅटरी आणि यंत्र यांच्या मधे. झोपलेल्या यंत्राचा बारीक प्रवाह त्यातून आरामात जातो. पण यंत्र जागं होऊन जोरात ओढायला लागलं की मीटरच त्याची वाट अडवतो, आणि यंत्र गुदमरून बंद पडतं. म्हणून प्रयोगशाळेत मी झोपेतला प्रवाह वेगळा मोजला होता आणि जागेपणीचा वेगळा. दोन्ही आकडे बिनचूक होते. मग यंत्र दिवसातून किती वेळा जागं होईल, त्याने गुणायचं. तिथे मी लिहिलं होतं, दहा वेळा. हे दहा कुठून आले? माझ्या डोक्यातून. खुर्चीत बसून, पंख्याखाली.

मी मीटर काढून टाकला. बॅटरीच्या वाटेत एक अगदी कमी रोधाचा रेझिस्टर घातला आणि खिशात मावणारा ऑसिलोस्कोप त्याच्या दोन टोकांना लावला. आता यंत्र गुदमरणार नव्हतं, आणि ते जे काही करील ते पडद्यावर रेघ होऊन दिसणार होतं. रेघ तळाशी सपाट पडून होती. अर्धा तास झाला, पाऊण झाला. उन्हं पायरीवर आली. अर्ध्या तासाचा शब्द मोडून गेला हे मला जाणवत होतं, पण कारण सापडल्याशिवाय उठायची माझी तयारी नव्हती.

बाईंच्या सुनेने अंगणातल्या चुलीत काटक्या सारल्या आणि फुंकर घातली. माझ्यासमोरची रेघ ताडकन वर गेली. दोन-तीन सेकंद वर राहिली, मग तळाशी आली. पुन्हा वर. मी चुलीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. सेन्सरचं तोंड चुलीकडे होतं. जाळ हलला की यंत्र उठत होतं, फोटो काढत होतं, वाघ नाही म्हणून बिनबोभाट झोपत होतं. भोंगा वाजत नव्हता, म्हणून कुणाला पत्ताही लागत नव्हता. आणि प्रत्येक उठण्यात बॅटरीचा घोट जात होता.

मला इतका आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली. "अगं, तिकडे डब्यासमोर कोणी आग करतं का?"

"मोहाखाली पाला जाळतो ना आम्ही," सून म्हणाली. "जमीन साफ असन तं फुलं दिसतेत. आता तं रोजच जाळतो. राख धुपतच राह्यते."

झालं. निखारे, काळी पडलेली जमीन, तिच्यावरून उठणारी गरम हवा. माझं यंत्र दिवसाला दहा वेळा कसलं, शेकड्यांनी उठत असणार. मी वही काढली आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, "सासूबाई कुठे गेल्या?"

"तिथीच. मोहफुलं वेचाले."

"कोणाबरोबर?"

"एकटीच. डबा आहे ना तिथी."

डब्यातलं सगळं माझ्या मांडीवर होतं. सेन्सर, कॅमेरा, बॅटरी. झाडावर नुसतं प्लॅस्टिक लटकत होतं, वर मी स्वतःच्या हाताने लावलेलं झाकण. मी वही टाकून मांडीवरचं सगळं बाजूला सारलं. मग मी उठले आणि पळत सुटले.

दहा मिनिटांची वाट. आधी धानाच्या रिकाम्या बांध्या, म्हणजे खाचरं, मग झुडपं, मग मोहाची झाडं. मी शेवटची कधी पळाले होते ते आठवत नाही. चप्पल एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, राहिली. मनात एकच हिशेब चालू होता, मी "हो, हो" म्हटल्याला किती वेळ झाला. झुडपं लागली तेव्हा नाल्याच्या अंगाने एक वानर खाकरलं. मग दुसरं. वानरं अशी खाकरतात ती काही दिसल्यावर, एवढं मला वनरक्षकांनीच शिकवलं होतं.

बाई दिसल्या. मोहाखाली काळ्या जमिनीवर कमरेत वाकून त्या फुलं वेचत होत्या. पाठ नाल्याकडे. शेजारी टोपली अर्धी भरलेली. बाजूच्या झाडावर तो डबा. वानरांचं खाकरणं त्यांनाही ऐकू येत असणार, पण त्यांचा हात थांबत नव्हता. काही असतं तर डबा ओरडला असता.

मी हाक मारली, ती वानरांच्या ओरडण्यात बुडाली. दुसऱ्यांदा जोरात मारली. त्या सावकाश सरळ झाल्या.

"काऊन धावून राह्यल्या, मॅडम?"

"बाई, डबा रिकामा आहे. आतलं सगळं मी काढून नेलंय. मघाशी घरी होतं ते तेच."

त्यांनी हातातली फुलं टोपलीत टाकली. मग दोन पावलं जाऊन त्यांनी डब्यावर बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला.

"खाली आहे," त्या म्हणाल्या, जणू मलाच ते ठाऊक नव्हतं.

वानरं अजून ओरडत होती. बाईंनी टोपली कमरेवर घेतली आणि माझ्या दंडाला धरून मला फिरवलं. "माझ्याकडं पाहू नोका. नाल्याकडं पाहा. मी म्हणन तशा मागं मागं चाला."

पाठीला पाठ लावून आम्ही निघालो. मी उलटी चालत होते, त्या वाटेवर नजर ठेवून पुढे चालत होत्या. झुडपांत काहीतरी होतं किंवा नव्हतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा पानांमागे सावली हलल्यासारखी वाटली आणि मी बाईंचा पदर मुठीत धरला. त्या थांबल्या नाहीत, वेगही वाढवला नाही. बांध्या लागल्या, उघडं रान आलं, तेव्हा त्यांनी टोपली खाली ठेवली आणि धुऱ्यावर बसल्या. मी त्यांच्या शेजारी कोसळले. ऑसिलोस्कोपची वायर अजून माझ्या मुठीत होती.

मला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे या सगळ्याचा शेवटी राग झाला. तो मी काढला कुणावर, तर बाईंवर. "पण तुम्ही एकट्या कशाला गेलात?"

"तुमीच तं सांगतलं जी. वर्षभर पाहाचं काम नाई."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"लाल लाईट होता पह्यले," त्या म्हणाल्या. "लुकलुक करे. समजे, चालू आहे म्हणून. तो काऊन काढला?"

सोलर पॅनल गेल्यावर तो दिवा मीच काढला होता, प्रवाह वाचवायला. त्याने बॅटरीचे दोन महिने खाल्ले असते. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फुलांतली राख झटकली. मग सांगू लागल्या. डबा यायच्या आधी पाच जणी मिळून जायच्या. चौघी वेचायच्या, एक उभी राहायची, नुसती बघत. तिच्या टोपलीत चौघी पसा-पसा टाकायच्या.

"डबा आला, मंग उभं राहाले कोनी तयार नाई. डबा हिस्सा मांगत नाई ना."

दुपारी समाजमंदिरात बायका जमल्या. मी सगळं सांगितलं. दहा वेळांचा आकडा मनाने लिहिला होता, आगीचा विचार केला नव्हता, दिवा काढला होता, सकाळी कुणाला न सांगता आतलं यंत्र नेलं होतं. दिवा परत बसवीन, पण मग यंत्र वर्षभर टिकणार नाही. आग ओळखायला प्रोग्राम बदलावा लागेल, त्याला यंत्र चंद्रपूरला नेऊन दोन आठवडे तरी हवेत. आणि या वेळी किती दिवस चालेल ते मी इथेच, मोहाखाली बसून मोजीन. दोन आठवड्यांत फुलं संपतात हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

"तं उद्या?" एकीने विचारलं.

प्रत्येकीची झाडं ठरलेली, एक सकाळ चुकली की फुलं ढोरांच्या नाहीतर हरणांच्या तोंडी. उभं कोण राहणार? बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उद्या मॅडम राह्यतील उभ्या."

मला वाटलं थट्टा आहे. मी हसले. माझ्याबरोबर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाच जणी निघाल्या आणि सहावी मी. बाईंनी एक काठी दिली आणि जागा दाखवली. बसायचं नाही, झाडाला टेकायचं नाही, एकाच जागी डोळे लावायचे नाहीत. काही दिसलं तर ओरडायचं, पळायचं नाही. एवढं सांगून त्या वेचायला वळल्या.

मी नाल्याकडे तोंड करून उभी राहिले. वाळलेलं पान पडलं तरी मी काठी उचलायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण पुसायला हात वर नेला तर तेवढा क्षण हुकेल असं वाटायचं. पाऊण तासात पोटऱ्या भरून आल्या. मन भरकटलं की मी स्वतःला चिमटा काढायची. मागे बांगड्यांचा आणि टोपलीत फुलं पडल्याचा आवाज सारखा येत होता. मला वाटत होतं, यांतल्या एकीने तरी मधूनमधून वर बघावं, माझ्यावर लक्ष ठेवावं. काल जी यंत्राची झोप मोजता मोजता माणूस विसरली, तिच्या भरवशावर कुणी वाकतं का?

न राहवून मी एकदाच मान वळवली. पाचही जणी काळ्या जमिनीवर वाकलेल्या होत्या, बाई सगळ्यांच्या पुढे, जंगलाकडे पाठ करून. एकीचीही मान वर नव्हती. मी पटकन पुन्हा नाल्याकडे तोंड केलं.