खाली म्हणजे कुठे?

आमच्या ऑफिसात संबोधी इंगळेला ओळखत नाही असं कुणी नाही, कारण तिच्या आवाजापासून कुणाची सुटका नाही. इंदूरच्या तुकोगंजातलं आमचं विमा ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि संबोधी क्लेमच्या टेबलावर बसते. एखाद्याचा कागद अपुरा निघाला की ती जागेवरूनच हाक मारते, आणि लिफ्टपाशी पोचलेला माणूस मुकाट मागे फिरतो. मी मंजिरी, तिच्या शेजारच्या टेबलावर. कित्येक वर्षं आम्ही एकमेकींचा डबा खातो, एकमेकींशी भांडतो, आणि वरणावर शेव घालावी की नाही यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.

संबोधी बेचाळिशीची, बुटकी, दोन मुलांची आई, आणि फुटबॉलर. माहेर महूचं. वडील बाबूराव फौजेतून निवृत्त झालेले, पलटणीच्या संघातून खेळलेले. मुलगी चालायला लागली त्याच दिवशी आपण तिच्यापुढे चेंडू ठेवला असं ते सांगतात. थोडं मीठमसाला असेल, पण शाळेत असताना ती राज्याच्या संघात होती हे खरं. मग वडिलांचं आजारपण, नोकरी, लग्न, मुलं. चाळिशी उलटल्यावर तिला पुन्हा सुरसुरी आली. रविवारी सकाळी पस्तिशीपुढच्या बायका खेळतात असं कुठूनसं कळलं आणि ही तिथे हजर. मी म्हटलं, "अगं, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढतेस, आणि फुटबॉल?" तर म्हणते, "जिना बोअर आहे यार, म्हणून दुखतो."

यंदा पस्तिशीपुढच्या महिलांची दक्षिण आशियाई स्पर्धा इंदूरला भरली आणि भारताच्या संघात संबोधीचं नाव लागलं. राखीव खेळाडू म्हणून. ऑफिसात पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच एक सद्गृहस्थ म्हणाले, "लोकल आहे नं, म्हणून घेतली असेल." माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्यापुढे हात पसरून पेढा परत मागितला.

पण आतून मलाही धाकधूक होतीच. साखळीतल्या सगळ्या मॅच संपल्या तरी संबोधी मैदानात उतरली नव्हती. निळी जर्सी घालून बाकावर बसायची आणि दमून आलेल्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायची. आता सेमीफायनल, नेपाळशी. हरेल तो घरी. पुढची स्पर्धा कधी आणि कुठे, कुणालाच ठाऊक नाही, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी तर सांगूनच टाकलं होतं की हा मोसम झाला की बूट माळ्यावर. म्हणजे आज भारत हरला, तर संबोधी देशाकडून एकदाही न खेळता संपली. ती हे बोलून दाखवत नव्हती. सकाळी फोनवर एवढंच म्हणाली, "मंजिरी, तू ये हं. बाबांच्या बाजूला बस. ते फार उठतात."

बाबूरावकाका खरंच फार उठतात. आम्हाला भारताच्या बाकाच्या अगदी मागे जागा मिळाली होती, त्यामुळे तिथलं बोलणं ऐकू येत होतं, आणि काकांचं बोलणं त्यांना. "ओ मॅडम, अंधी हो क्या!" असं ते रेफरीला दोनदा म्हणाले. मी त्यांचा शर्ट धरून बसले.

खेळ मात्र रडायची वेळ आणणारा होता. नेपाळनं आपल्या गोलपुढे पाच जणींची भिंत उभी केली होती. त्यांच्या मधोमध लांब वेणीची एक स्टॉपर, म्हणजे मधली बचावपटू. आपली उंच फॉरवर्ड पुढे उभी, आणि तिच्या डोक्याच्या दिशेनं एकामागून एक उंच चेंडू. प्रत्येक चेंडू वेणीवालीनं उडवला. आपण सगळ्या पुढे गेलेल्या असताना असाच एक उडवलेला चेंडू नेपाळला मिळाला, दोघी सुसाट पळत सुटल्या, आणि शून्य-एक. काका त्यानंतर उठले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात आपल्या उंच फॉरवर्डचा स्नायू धरला. तिला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. आपल्या कोच कुजूर मॅडम रांचीच्या, कमी बोलणाऱ्या आणि जास्त ओरडणाऱ्या. त्यांनी बाकाकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "संबोधी, जा."

मी इतक्या जोरात किंचाळले की पुढच्या रांगेतल्या बाईंच्या हातातला चहा सांडला. संबोधीनं वाकून मैदानाची माती कपाळाला लावली, आत शिरली, आणि थेट वेणीवालीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिच्या खांद्याला लागत होती, बस्स. पहिला उंच चेंडू आला तो दोघींच्याही डोक्यावरून गेला, आणि मागून कुणीतरी हसलं. मी मागे वळून बघितलं. तो गप्प बसला.

आणि मग ती भानगड झाली.

डाव्या बाजूला नेपाळची एक खेळाडू घसरून पडली होती आणि तिथे मोकळं रान होतं. कुजूर मॅडम रेषेवरून ओरडल्या, "लेफ्ट खाली है! संबोधी, खाली! खाली!" म्हणजे डावीकडे जागा रिकामी आहे, पळ तिकडे. आणि आमची संबोधी काय करते? वळते आणि धावत मागे येते, आपल्याच गोलच्या दिशेनं!

आता हे इंदूरबाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. आमच्या मराठीत 'खाली' या शब्दाचं काही खरं नसतं. आमच्याकडे "टाकी खाली आहे" असं कुणी म्हटलं, तर ती तळमजल्यावर आहे की तिच्यात पाणी नाही, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. ऑफिसात संबोधी स्वतःच "ती खुर्ची खाली आहे, बसा" असं दिवसभर सांगत असते. पण मैदानावर तिच्या कानात एकच 'खाली' आहे. महूच्या ग्राउंडवर बाबूरावकाका लेकीला मराठीतच शिकवायचे: वर म्हणजे गोलकडे, खाली म्हणजे मागे. घाईत तिच्या पायांनी बापाचं ऐकलं.

गंमत पुढे आहे. वेणीवालीला हिंदी कळत होतं, आणि खाली म्हणजे रिकामं हे तर तिच्या भाषेतही तसंच. तिनं मॅडमची आरोळी ऐकली आणि ती डावीकडची मोकळी जागा बुजवायला धावली. इकडे संबोधी मैदानाच्या मधोमध एकटी. कुणीतरी दिलेला चेंडू पायाशी, आणि आसपास चिटपाखरू नाही! ती स्वतःच इतकी गडबडली की लांबूनच मारला, आणि चेंडू खांबाला घासून बाहेर गेला.

"अर्रर्र!" आख्खं स्टेडियम हळहळलं. काका उठले. मी शर्ट सोडून दिला.

उकाड्यामुळे मध्ये पाणी प्यायला खेळ थांबला. कुजूर मॅडमनी तिला समोर उभं केलं. "मैंने खाली बोला, तू पीछे क्यों आई?"

"मॅडम, आपने ही तो बोला, खाली," संबोधी धापा टाकत म्हणाली. "मराठीत खाली म्हणजे... मतलब, हमारे में खाली मतलब नीचे. पीछे."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. शेजारी शलाका उभी होती, आपली मिडफिल्डर, इंदूरच्याच रामबागेतल्या मराठी मास्तरांची मुलगी. ती फिसकन हसली. "हो मॅडम, हमारे यहाँ दोनों चलता है." मग मॅडमचाही चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी तिघी-चौघींना जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. कुठल्या अर्थानं ते तुम्हीच समजा. मला पुढचं ऐकू आलं नाही. काका मात्र पुटपुटले, "आता मजा येते बघ."

खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात आपली उजवीकडची खेळाडू रेषेला चिकटून पळत सुटली आणि मॅडम गळा फाडून ओरडल्या, "राइट खाली है! खाली!" वेणीवाली दोन पावलं उजवीकडे सरकली. तेवढ्यात संबोधी सुर्रकन मागे. चेंडू तिच्या पायात. या वेळी ती गडबडली नाही. वळली, एक पाऊल टाकलं, आणि जमिनीलगत असा सणसणीत मारला की गोलकीपर पडली तेव्हा चेंडू जाळीत होता. एक-एक!

मी कुणाला मिठी मारली मला माहीत नाही. कुणीतरी अनोळखी काका होते. आमचे काका खुर्चीवर उभे होते आणि "जय भीम! जय भीम!" म्हणून ओरडत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

पण नेपाळच्या कोच काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी दोनच मिनिटांत वेणीवालीला बोलावून कानात काहीतरी सांगितलं. त्यानंतर मॅडम घसा बसेपर्यंत लेफ्ट खाली, राइट खाली करत राहिल्या, पण वेणीवालीनं कान बंद केले होते. संबोधी जाईल तिथे ती. संबोधी मागे आली, ती मागे. संबोधी बूट बांधायला वाकली, तर ती बाजूला उभी. चेंडूच मिळेना. वेळ संपत आली, आणि बरोबरीत सुटली की पेनल्टी. नेपाळच्या गोलकीपरनं साखळीत दोन पेनल्टी अडवल्या होत्या.

तेवढ्यात मला दिसलं की संबोधी चालत निघाली आहे. धावत नाही, चालत. मागे, आणखी मागे, थेट आपल्या अर्ध्या भागापर्यंत. वेणीवाली तिच्यामागे. मी ओरडले, "अगं कुठे चाललीस? पुढे जा! गोल तिकडे आहे!"

"गप बस पोरी," काका म्हणाले. त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

आणि संबोधीचा तो आवाज आला, तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टपर्यंत पोचणारा. "शलाका! मी खाली आले नं! आता बघ, वर खाली आहे! निकल!"

वर खाली आहे. मराठीच्या कुठल्याही मास्तरांनी हे वाक्य लाल शाईनं कापलं असतं. शलाकाला ते बरोबर कळलं. वेणीवालीला इतक्या लांब खेचून आणल्यामुळे नेपाळच्या भिंतीच्या मधोमध खिंडार पडलं होतं, आणि बाकीच्या चौघींपैकी कुणालाच ते अजून दिसलं नव्हतं. चेंडू संबोधीकडे आला. गोलकडे पाठ, वेणीवाली अंगावर. ती वळलीसुद्धा नाही. पायाच्या आतल्या बाजूनं एकच स्पर्श, आणि चेंडू त्या खिंडारात. शलाका पळत होती. बाई अशी पळाली की मास्तरांनीही जन्मात पाहिली नसेल. गोलकीपर पुढे आली, शलाकानं तिच्या बाजूनं अलगद ढकलला, आणि चेंडू जाळीत गेला.

दोन-एक.

त्यानंतरची मिनिटं मी नीट पाहिलीच नाहीत. नेपाळच्या सगळ्या पुढे आल्या, एक फटका आडव्या दांडीला लागला, आणि संबोधी आपल्याच गोलपुढे उभी राहून क्लेमच्या टेबलावरून ओरडावं तशी सगळ्यांना ओरडत होती. काकांनी डोळे मिटून घेतले होते आणि ते मला विचारत होते, "झालं? झालं का?" मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होते. मग शिट्टी वाजली आणि मी त्यांना हात धरून उठवलं.

आम्ही धावत कुंपणाशी गेलो. संबोधी लंगडत आली, गुडघ्यावरचा पट्टा सुटून लोंबत होता. ती कुंपणावर कपाळ टेकून नुसती हसत राहिली. जाळीतून बोटं घालून काकांनी तिचा ओला गाल धरला.

मागून ती वेणीवाली आली. रडून तिचे डोळे सुजले होते. पण तिला राहवत नव्हतं. संबोधीच्या खांद्यावर हात ठेवून तिनं हिंदीत विचारलं, "दीदी, सच बताना. वो खाली-खाली, क्या था वो?"

संबोधीनं तिला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं. सांगायला तिनं तोंडही उघडलं. मग एकदम थांबली. रविवारच्या फायनलच्या तयारीसाठी कुजूर मॅडम तिलाच हाका मारत होत्या.

"बताऊँगी," ती म्हणाली. "फायनल हो जाने दे."

आज संबोधी हरली असती, ही युक्ती पुन्हा लागणार नसती, तर तिनं तिथेच सगळं सांगून टाकलं असतं.