अर्धा तास मोटरी बंद

माझ्या कॉम्प्युटरवर पहिला हल्ला केला तो झेंडूने. आमच्या मळ्यात दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते: ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला सासूबाईंनी त्या रांगेत माझ्या कॉम्प्युटरलाही बसवलं. हळदकुंकू लावलं आणि घरच्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार कॅबिनेटला घातला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी बरीच तणतण केली आहे.

हार सुकला, पण पूजेचा म्हणून कुणी काढला नाही. त्यावर धूळ नको म्हणून सासूबाईंनी जुन्या साडीची खोळ शिवून चढवली. मी समोरून खोळ वर सारायची आणि कामाला बसायची. मागे काय चाललंय ते मीही कधी वाकून बघितलं नाही. होळी होईतो मशीन इतकं मंदावलं की मी ओळ टाइप करून चहाचा घोट घ्यायची, तेव्हा कुठे अक्षरं उमटायची. एका दुपारी चिडून कॅबिनेट उघडलं, तर मागच्या पंख्यात वाळलेल्या पाकळ्यांचा चुरा आणि धुळीचा लगदा. मी तो कागदावर काढून थेट स्वयंपाकघरात नेला.

"आई, हे बघा. तुमचा प्रसाद."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ट्रॅक्टरला तर चालतंय की गं," म्हणाल्या, आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

माझं माहेर नाशिक रोडचं. वडील नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते, आम्ही राहायचो कॉलनीत. घड्याळावर चालणारं घर, आणि वीज गेली तर बातमी व्हावी इतकी ती कधीतरीच जायची. सासर त्र्यंबकच्या रस्त्याला, गावापासून आत, मळ्यात. फुलं, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो. नवरा पहाटे माल घेऊन शहरात जायचा आणि जेवायला परतायचा. मी आले ती माझी नोकरी बरोबर घेऊनच. शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ यायचे; त्यातलं बोलणं ऐकून खाली मराठी ओळी लिहायच्या, ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. कानाला हेडफोन लावून, ओळी स्वतःशी मोठ्यानं वाचून, सेकंद मोजून करायचं काम. त्यासाठी खोलीचं दार लावावं लागायचं.

हे लावलेलं दार सगळ्यांना खुपायचं. भरदुपारी सून दार लावून आत काय करते, असं आल्यागेल्या बायका विचारायच्या. सासूबाई सारवासारव करायच्या. सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणायचे; ते तर माझ्याशी सरळ बोलायचेच नाहीत. मी समोर उभी असले तरी सासूबाईंना सांगायचे, "तिला सांग, चहा नको." पाहुण्यांनी माझ्या कामाचं विचारलं की म्हणायचे, "करती काहीतरी मशीनवर." त्या 'काहीतरी'चा मला फार राग यायचा. ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी बाई काम करते, आणि मी काहीतरी करते.

पंखा साफ केल्यावर मशीन जरा पळायला लागलं, तोच ऑफिसचा निरोप आला. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांनी नवी सिस्टीम टाकून घ्यायची. जुन्या मशीनवरून काम पाठवता येणार नाही. नवी सिस्टीम म्हणे, आधी फर्मवेअर बदला. फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्यावर, पडद्यावर काही दिसण्याच्याही आधी, मशीनला उठून काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना. त्या बोर्डातच भरलेल्या असतात. त्या बदलत असताना मध्येच मशीन बंद पडलं, तर उठायचं कसं तेच ते विसरतं.

स्वयंपाक आवरून मी सकाळी दहाच्या सुमारास बसले. पेन ड्राइव्ह लावला. 'मशीन बंद करू नका' अशी सूचना आली, टक्क्यांचे आकडे पुढे सरकू लागले आणि चाळीसच्या आसपास पडदा काळा झाला. बराच वेळ काहीच नाही. मग मशीन आपणहून सुरू झालं आणि म्हणालं, अपडेट झालं नाही, जुनंच परत ठेवलं आहे. मी फाइल पुन्हा उतरवली, दुसरा पेन ड्राइव्ह आणला. दोन दिवसांनी, त्याच वेळी, तेच. या खेपेला मी ओरडले सुद्धा.

शहरातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, बोर्डात जुन्याची एक जादा प्रत असते, म्हणून दोनदा वाचलात. तिसऱ्यांदा तीही बिघडली तर बोर्ड भंगारात. यूपीएस आहे ना?" मी म्हटलं, आहे. वीज गेली की बॅटरीवर मशीन तगवणारा तो डबा होताच. टेबलाखाली अधूनमधून टक टक वाजायचा, म्हणजे काम करतोय असं मी धरून चालले होते.

महिना संपायला एक दिवस उरला तेव्हा मी ठरवलं, मशीन नाशिक रोडला न्यायचं. तिथे वीज चांगली. दुपारी कॅबिनेट चादरीत बांधायला घेतलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कधी येशील मग?"

"बघू. काम तिथूनच करावं म्हणते. सोमवार ते शुक्रवार."

सून माहेरी जाते तेव्हा पिशवी नेते. आपलं मशीन बांधून नेत नाही, हे त्यांना कळत होतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. एकदा ते टेबल तिथे लागलं असतं, तर मी शनिवार-रविवारीही परतले नसते. नवऱ्याशी भांडण नव्हतं. पण ज्या घरात माझं काम हे काम नव्हतं, तिथे मी वाळत चालले होते.

मी चादरीची गाठ मारत होते, तेवढ्यात सासूबाईंच्या मागून दादांचा आवाज आला.

"किती वाजता करती तू ते?"

आधी मला वाटलं, सासूबाईंनाच विचारताहेत. मग लक्षात आलं, माझ्याकडे बघत होते.

"काय?"

"ते मशीनचं. दोन्ही दिशी दहालाच केलं ना?"

"हो. काम आवरतं तेव्हा."

"दहाला थ्री फेज येती, मोटरीची लाईट," दादा म्हणाले. "आपल्या डीपीवर अकरा मोटरी हायेत. समद्यांना ऑटो बसवल्यात. लाईट आली का समद्या एकदम उठत्यात. मी ओट्यावर पंख्याखाली बसतो, मला पंख्याच्या आवाजावरून कळतं. तू वरडली तवा पंखा बसला व्हता."

डीपी म्हणजे मळ्यातला ट्रान्सफॉर्मर. आमच्या घराची वीज त्यावरूनच यायची. मी खाली वाकून यूपीएसची तार भिंतीतून ओढली. तो लगेच मेला. त्याची बॅटरी कधीचीच गेली होती; वीज दबली की तो मशीन सांभाळतच नव्हता. वर्षभर मी लोकांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही म्हणून नाकं मुरडत होते, आणि माझ्या मशीनचं दुखणं पंख्याच्या आवाजावरून ओळखलं ते दादांनी.

"मग दहाच्या आधी करते," मी म्हटलं.

"आधी सिंगल फेज. ती तर दिव्याला पुरत नाय." ते दाराकडे वळले. "लाईट पुरी पायजे आन् मोटरी बंद पायजेत. एक दिस थांब."

शहाणा माणूस म्हणेल, नवी बॅटरी आणायची. आम्हीही ती पुढच्या आठवड्यात आणली. पण त्या दुपारी ते कुणालाच सुचलं नाही, आणि न सुचल्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

दादांनी टोपी घातली आणि निघाले. उन्हाळ्याचे दिवस, सगळ्यांचे टोमॅटो तहानलेले, आणि थ्री फेज मोजून आठ तास. त्यात कुणाला अर्धा तास मोटर बंद ठेव म्हणायचं म्हणजे ताटातला घास मागण्यासारखं. नऊ जण चुलतभावकीतले नाहीतर ओळखीचे. दहावी मोटर आमची. अकरावी बांधापलीकडची, साडेसात पॉवरची, सगळ्यांत मोठी. त्या घराशी आमचं बोलणं मी यायच्याही आधीपासून बंद होतं. पाण्याची पाइपलाइन कुणाच्या हद्दीतून गेली यावरून वाजलं होतं, आणि मग लग्नकार्यालाही जाणंयेणं राहिलं नव्हतं. ती एक मोटर उठली तरी बाकीच्या दहा बंद ठेवून उपयोग नव्हता. दादा दिवेलागणीला परत आले. सासूबाईंनी पाणी दिलं आणि नजरेनेच विचारलं. "त्याच्याकडं बी गेलतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाला वीज आली. मी ऐकत बसले. एरवी या वेळेला चहूबाजूंनी मोटरींची घरघर सुरू व्हायची आणि पाटात पाणी पडायचं. त्या दिवशी काही नाही. दूर कुणाचा तरी बैल हंबरला, ते सुद्धा स्पष्ट ऐकू आलं. ओट्यावरचा पंखा इतका जोरात फिरत होता की कॅलेंडर भिंतीवर फडफडत होतं. अकरा स्टार्टर बंद होते, ते माझ्यासाठी.

दादा पहिल्यांदा माझ्या खोलीत आले. हातात मोबाइल धरून भिंतीला टेकून उभे राहिले. तीस. चाळीस. चाळिसाला मी डोळे मिटले. "पुढं गेलं," ते म्हणाले. साठ. नव्वद. मग मशीन एकदा बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि पडद्यावर नवा आकडा दिसला.

"झालं, दादा."

त्यांनी फोन लावला. "सोडा रे," म्हणाले. आधी एक मोटर उठली, मग दुसरी, मग बांधापलीकडची मोठी. पंखा बसला, खोलीतला दिवा मंद झाला. दादा दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले.

"आता माहेराला जायचं तर जा चार दिस. पण मशीन हितं राहू दे."

मी चादरीची घडी करून पलंगावर टाकली.

आठवडाभराने गिरणीवर बांधापलीकडची मावशी भेटली. आमच्यातलं बोलणं नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे दोघी जरा जपूनच होतो. मग तीच म्हणाली, "तुझा सासरा इतक्या वर्सांनी आमच्या दारात आला. चपला काढून खालीच उभा राहिला. म्हणला, माझ्या सुनेचं काम अडलंय. आमचे हे म्हणले, असं कसलं काम? तर म्हणला, ज्या पोरांना ऐकू येत नाय त्यांच्यासाठी ती धडे लिहिती. ती थांबली तर ती पोरं थांबतील."

माझं दळण कधी झालं ते मला कळलंच नाही. गिरणीवाल्याने दोनदा हाक मारली म्हणे.

दादांना हे मी कधी सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. घरी आले तेव्हा ते ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते, शेजारी सासूबाई. डबा खाली ठेवून मी सरळ विचारलं, "दादा, मी काय काम करते ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी वर न बघता जुडीला गाठ मारली. मला वाटलं, नेहमीसारखं सासूबाईंना सांगतील. पण ते माझ्याशीच बोलले.

"तूच म्हणली व्हती. तुला बघायला आलो तवा."